कट्ट्यावरचा हंगाम

कोल्हापूरच्या स्थानिक दैनिकांत दिवाळीच्या आसपास एक छोटीशी बातमी येते. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे अवघं गाव जिला ‘केएसए’ म्हणतं त्या संस्थेची, फुटबॉल लीगसाठीची खेळाडू नोंदणी सुरू झालेली असते. अमका या संघातून त्या संघात गेला, तमका आपल्याच तालमीत राहिला, एवढाच मजकूर. बातमी जेमतेम दोन बोटांची, तिला ना शब्दांचा साज ना छायाचित्राचा. पण शिवाजी पेठेतल्या किंवा मंगळवार पेठेतल्या एखाद्या कट्ट्यावर ती मोठ्यानं वाचली जाते, आणि त्या क्षणी लीग सुरू होते. शाहू स्टेडियमच्या हिरवळीवर चेंडू पडायला अजून अवकाश असतो; इथे मात्र सगळे संघ उतरलेले असतात, बचावफळ्या रचल्या जात असतात, कुणाच्या तरी कल्पनेत एखादा कॉर्नर वळत येऊन थेट डोक्यावर बसलेला असतो. चेंडूवाचून खेळल्या जाणाऱ्या या मनातल्या हंगामाचा आस्वाद आज आपण जरा निवांत घेऊ या. कोल्हापूरच्या फुटबॉलनं घडवलेली सर्वांत देखणी गोष्ट माझ्या लेखी हीच आहे.

आधी संघांची यादीच सावकाश वाचू. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ तरुण मंडळ, जुना बुधवार पेठ, ऋणमुक्तेश्वर, वेताळमाळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, फुलेवाडी. जगातल्या किती फुटबॉल लीगांमध्ये देवळं, मठ, वेताळ आणि वाघ असे शेजारीशेजारी बसलेले सापडतील? ‘बालगोपाल’ म्हणताना ओठांवर दहीहंडीचा गोडवा येतो, आणि मैदानात मात्र त्या नावाखाली रुंद खांद्यांचे, हनुवटीवर जुनी खूण असलेले बाप्ये उतरतात. ‘दिलबहार’मध्ये एखाद्या जुन्या मैफलीचा सुगंध आहे. आणि या सगळ्या अलंकृत नावांच्या मध्ये ‘प्रॅक्टिस’ हे नाव इतकं साधं, इतकं निराभरण उभं आहे, की त्याच्याविषयी आदरच वाटावा: आम्ही सराव करतो, बाकीचं मैदानात बघा. यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे एक पत्ता आहे. जुन्या गावातून संध्याकाळच्या फेरफटक्याला निघालेल्या माणसाच्या वाटेत निम्मी लीग येते. म्हणूनच इथले अंदाज आकडेमोडीवर बांधले जात नाहीत. ते गल्लीच्या ओळखीवर, घराण्यांच्या आठवणींवर आणि थोरल्या भावाला खेळताना पाहिलेल्या डोळ्यांवर बांधले जातात.

यातल्या कितीतरी संघांच्या नावात तालीम आहे, आणि ही तालीम मुळात कुस्तीची. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला जो राजाश्रय दिला त्यानं पेठापेठांतल्या तांबड्या मातीला प्रतिष्ठा आली, आणि 1912 साली उभ्या राहिलेल्या खासबाग मैदानानं त्या प्रतिष्ठेला दगडी रूप दिलं. युरोपच्या प्रवासात पाहिलेल्या वर्तुळाकार प्रेक्षागारांची आठवण महाराजांच्या मनात होती असं सांगतात. खासबागेच्या उतरत्या कड्यावर बसून खालचा आखाडा पाहिला की ते पटतं. पुढे त्याच तालमींनी गणपती बसवले, शिवजयंती काढली, आणि फुटबॉलचे संघही उभे केले. मला मोह पडतो तो यातून तयार झालेल्या भाषेचा. कट्ट्यावरचा जाणता माणूस नव्या हंगामाचा पहिला सामना वर्णू लागला की म्हणतो, पहिली पंधरा मिनिटं नुसती खडाखडी चालेल. पाहा, काय नेमकं चित्र आहे! दोन्ही मधल्या फळ्या एकमेकींच्या मनगटाचा अंदाज घेत आहेत, कुणी वजन पुढे टाकत नाही, पास आखूड, नजरा लांब. मग कुणीतरी डाव टाकतो. सामना ‘निकाली’ होणार की ‘बरोबरीत सुटणार’, हेही शब्द हौद्यातूनच वर आलेले. नवा आघाडीवीर कसा आहे, असं विचारलं तर त्याच्या गोलांची संख्या शेवटी येते. आधी येतं ते ‘अंगानं भरलाय’ किंवा ‘दमाला कमी आहे’. खेळाडूकडे पैलवान म्हणून पाहण्याची ही दृष्टी परक्याला कदाचित जुनाट वाटेल. पण मैदानावरच्या झुंजीत शेवटी उरतो तो दमच, हे ज्यानं एकदा तरी शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल खाल्लेले पाहिले आहेत त्याला ही दृष्टी किती खोल आहे ते कळतं.

कट्ट्यावर दरसाल कानी पडणारं एक वाक्य तर मी कुठल्याही साहित्यकृतीतल्या ओळीइतकंच जपून ठेवलं आहे. कनिष्ठ गटातून एखादं कोवळं पोर वर आलेलं असतं, सरावात त्याचा डॉज पाहून सगळे हरखलेले असतात, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी शांतपणे म्हणतं: ‘पोरगं चांगलं हाय, पण अजून ऊन बघितलं नाही.’ त्या एका वाक्यात कोल्हापूरच्या हंगामाचं सगळं गणित आहे. लीग थंडीच्या तोंडावर सुरू होते. दुपारचं ऊन तेव्हा कोवळं, मैदान मऊ, पाय हलके. त्या दिवसांत कुणीही नाचतो. लीग संपली की बाद पद्धतीच्या स्पर्धांची रांग लागते, एक चषक झाला की दुसरा, आणि खेळ चैत्र-वैशाखापर्यंत लांबतो. एप्रिलच्या दुपारी मैदान भाजून कडक झालेलं असतं, चेंडू उसळून हाताबाहेर जातो, गोलरक्षकाला समोरच्या झळाळीत चढाई नीट दिसत नाही. डिसेंबरात टाळ्या घेतलेला खेळाडू तेव्हा किती उरतो, यावर त्या वाक्याचा रोख आहे. त्यात पोराची निंदा नाही. उलट ‘अजून’ या शब्दात केवढी तरी वाट पाहणं आहे, केवढं वात्सल्य आहे! बोलणाऱ्यानं त्या पोराला मनातल्या मनात वैशाखापर्यंत नेऊन, घामानं निथळताना आणि तरीही धावताना पाहिलेलं असतं.

आपण या अंदाजांचा पोत बोटांत धरून पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते: त्यात पाणी फार आहे. पाटाकडील हे नावच पाटाच्या कडेचं. गांधी मैदानावर, जिथे शिवाजी पेठेतल्या पिढ्यांनी चेंडू लाथाडला, तिथे पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं, आणि पावसाळ्यात ते मैदान आपलं मूळ रूप विसरलेलं नसतं. पाणी साचून राहतं. त्यामुळे पाऊस कधी सरला, मैदान कधी वाळलं, पोरांना सराव किती दिवस मिळाला, हे प्रश्न इथे खऱ्या अर्थानं डावपेचांचे प्रश्न असतात. 2019 च्या महापुरात पंचगंगा शुक्रवार पेठेत आणि दुधाळीच्या अंगाला शिरली होती. नदीच्या बाजूच्या वस्त्यांनी त्या वर्षी आधी घरातला चिखल काढला आणि मग फुटबॉलच्या बुटांना हात घातला. अशा वर्षी त्या भागातल्या संघाविषयी बोलताना पलीकडच्या पेठेचाही सूर मऊ झालेला असतो. आणि संध्यामठाचं काय सांगावं! रंकाळा तलावातली ती दगडी वास्तू हंगाम सुरू होतो तेव्हा पाण्यात बुडालेली असते, वरचा भाग तेवढा दिसतो. उन्हाळा चढेल तसं तळं ओसरतं आणि खांब न् खांब उघडा होत जातो. त्या मठाचं नाव घेऊन खेळणाऱ्या संघाविषयी ‘हे उशिरा दिसायला लागतात’ असं कुणी म्हटलं, तर त्यात खेळ किती आणि रंकाळा किती, हे वेगळं काढता येऊ नये.

या साऱ्याच्या तळाशी आहे ती ईर्षा. कोल्हापुरी माणूस हा शब्द उच्चारतो तेव्हा त्यात मत्सराचा कडवटपणा नसतो, जिद्दीची धग असते. दोन तालमींमध्ये अंतर दोन गल्ल्यांचं, दोन्हीकडची पोरं एकाच शाळेत एका बाकावर, लग्नकार्यात एकाच पंगतीला. पण सामन्याच्या दिवशी गॅलरीच्या दोन टोकांना. विश्वचषकाच्या दिवसांत हीच पेठ अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये वाटली जाते, मेस्सी-नेमारचे उंच फलक चौकाचौकांत उभे राहतात, भिंती रंगतात. लीग आली की ते सगळे परदेशी रंग उतरतात आणि सख्खे रंग चढतात. एखादा खेळाडू पलीकडच्या पेठेत गेला की त्याच्या जाण्यावर कट्टा किती रात्री जागतो! तो राहतो इथेच, सकाळी याच नळावर दिसतो, पण जर्सी त्यांची. त्याच्यावर राग धरावा की जुना सलाम करावा, हे ठरता ठरत नाही, आणि या घालमेलीतून जे अंदाज निघतात ते सर्वांत रंगतदार असतात, कारण त्यात त्याच्या प्रत्येक सवयीची माहिती असते. तो डावीकडे झुकला की उजव्या पायानंच मारणार, हे त्याच्या बालमित्राहून कुणाला अधिक ठाऊक?

या धगीचा कधी कधी वणवा झाला आहे, हेही सांगायलाच हवं. हुल्लडबाजीमुळे सामने थांबले आहेत, स्पर्धा अडल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत मोजली ती वर्षभर पहाटे उठून घाम गाळणाऱ्या पोरांनी. ज्याला ईर्षेचं सौंदर्य कळतं त्यानं दगड उचलणाऱ्याचा हात धरावा, असं मला मनापासून वाटतं.

मनातल्या लीगमधला सर्वांत अद्भुत खेळाडू मात्र परदेशातून यायचा. मध्यंतरी काही वर्षं नायजेरियाचे आणि इतर आफ्रिकी देशांचे खेळाडू कोल्हापूरच्या संघांतून खेळत. परगावच्या आणि परदेशी खेळाडूंच्या संख्येला नियमाची मर्यादा असे, त्यामुळे ती मोजकी नावं अधिकच मोलाची ठरत. नोंदणीत नवं आफ्रिकी नाव आलं की त्याला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणीच नसायचं. मग कल्पनेला मोकळं रान मिळायचं. तो सहा फुटांहून उंच व्हायचा, त्याचा हेडर गोलखांब हलवायचा, त्याची धाव रंकाळ्याला वळसा घालून यायची. आठवडाभरात तो तालमीच्या दारात प्रत्यक्ष उभा राहायचा, लाजरा, थंडीनं आखडलेला, आणि गल्लीतली आजी त्याला ‘ये बाळा’ म्हणून चहा द्यायची. कल्पनेतल्या त्या महाकाय वीराहून मला हा चहाचा कप धरलेला, चारही बाजूंनी कौतुकानं पाहिला जाणारा पाहुणाच अधिक आवडायचा. पेठ त्याचं नाव आपल्या उच्चारात बसवून घ्यायची, आणि महिन्याभरात तो इथला व्हायचा.

कट्ट्याची स्वप्नं अगदीच हवेतली नसतात, याचा दाखलाही गावानं पाहिला आहे. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात भरला तेव्हा दिल्लीच्या मैदानात भारताच्या आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढे 2022 च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादनं इंडियन सुपर लीग जिंकली, त्या हैदराबादच्या ताफ्यातही तो होता. तेव्हापासून कोवळ्या पोराविषयी बोलताना कट्ट्याचा आवाज किंचित बदलला आहे. ‘कुठंवर जाईल’ या प्रश्नाला आता गावाबाहेरचंही उत्तर आहे.

इथल्या स्पर्धांच्या वृत्तान्तात शेवटच्या ओळीला दोन नावं असतात. एक ‘सामनावीर’, ते सगळीकडेच असतं. दुसरं असतं ‘लढवय्या खेळाडू’, आणि ते बहुधा हरलेल्या बाजूचं. दुसऱ्या कुठल्या गावानं पराभूताच्या झुंजीला असं नियमानं, ठळक अक्षरांत, बक्षिसासह मानाचं पान वाढलं असेल, याची मला शंका आहे. आपण अंदाज बांधताना हे दुसरं नावही शोधावं. विजेता कोण, हा प्रश्न कट्टा पाचदहा मिनिटांत निकालात काढतो. पाटाकडील आणि शिवाजी तरुण यांच्याभोवती बहुतेक बोटं फिरतात, कुणी खंडोबाची शपथ घेतो, दिलबहारचा माणूस हसून गप्प बसतो. पण या वर्षी चार गोल खाऊनही पाचवा अडवायला जिवाच्या आकांतानं मागे धावणारा पाय कुणाचा असेल, या प्रश्नावर मैफल खरी रंगते.

माझा कौल विचाराल तर यंदा मी डोळे लावून बसणार आहे ते फुलेवाडीकडे. जुन्या पेठांच्या वेशीबाहेरचा, गगनबावड्याच्या रस्त्यावरचा हा संघ. त्याच्यामागे ना शतकाची माती, ना देवळाचं नाव. पेठांना एकमेकींच्या सवयी पाठ आहेत, फुलेवाडीच्या मात्र दरसाल नव्यानं शिकाव्या लागतात. तेव्हा वेळापत्रक लागेल त्या दिवशी आपण आधी फुलेवाडी आणि संध्यामठ यांचा सामना कधी आहे ते पाहू, आणि त्या दुपारी लवकर जाऊन सावलीची जागा धरू.