क्रीडाक्षेत्रातील छळप्रतिबंध आणि डिजिटल शिक्षणसाधने : एक चिकित्सा

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने क्रीडाक्षेत्रातील छळाविषयी 2007 व 2016 मध्ये निवेदने प्रसिद्ध केली. डिजिटल शिक्षणसाधनेही आली. मात्र प्रश्न केवळ माहितीच्या अभावाचा नाही. 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक केली असूनही 2023 च्या कुस्तीगीर आंदोलनाने तक्रार-यंत्रणेतील उणिवा उघड केल्या. अमडापूरसारख्या गावात निवड, सराव व प्रवास एकाच प्रशिक्षकाच्या हाती असल्यास तक्रार करणे म्हणजे खेळ सोडणे ठरते. ही भीती चित्रफितीने जात नाही. पोक्सो कायद्यानुसार (2012) बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळविणे सर्वांवर बंधनकारक आहे. म्हणून असे अभ्यासक्रम प्रथम प्रशिक्षक व प्राध्यापकांनी पूर्ण करावेत आणि प्रत्येक पाठ स्वतंत्र तक्रार-समितीपर्यंत नेणारा असावा. अन्यथा प्रमाणपत्र संस्थेचे रक्षण करील, खेळाडूचे नव्हे.