ख्रिस्तपुराणातील श्रोता

मराठी भाषेच्या गौरवाचा दिवस आला की आम्हां सर्वांना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यांच्या ओव्या व्यासपीठावरून म्हटल्या जातात, टाळ्या पडतात, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. 'ख्रिस्तपुराणा'वर हा अन्यायच आहे. बायबल ज्यांच्या हाती नव्हते त्यांना ते सांगावे, यासाठी हा ग्रंथ रचला गेला. भाषेची स्तुती त्यात ओघाने आली. आणि या सांगण्यात ऐकणाऱ्याला जी जागा मिळाली आहे, तिच्याविषयी आमच्याकडे क्वचितच कोणी बोलतो.

ग्रंथाचा आरंभच पाहावा. गोव्यातील साष्टी प्रांतात पाद्री ख्रिस्ती शिकवण देत आहेत. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पुढे होऊन आपले गाऱ्हाणे मांडतो. शिकवण चांगली आहे, हे त्याला मान्य आहे. पण पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही, असे त्याचे विचारणे आहे. या विचारण्यातून पुराण सुरू होते. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा येते, दुसऱ्या भागात प्रभू येशूचे चरित्र. कथा चालू असता श्रोत्यांपैकी कोणी शंका काढतो, गुरू थांबतो, उत्तर देतो आणि मग पुढे जातो. वक्ता-श्रोत्याची ही बैठक मराठी माणसाच्या ओळखीची होती. एकनाथ महाराजांना जाऊन तेव्हा पुरती वीस वर्षेही झाली नव्हती.

त्या पहिल्या प्रश्नापाशी थोडे थांबले पाहिजे. तो जिज्ञासेतून आलेला नाही. काहीतरी हिरावले गेल्याच्या जाणिवेतून आला आहे. सोळाव्या शतकातील साष्टीत देवळे पाडली गेली होती, जुन्या ग्रंथांवर बंदी होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच येशूसंघीयांची हत्या झाली, तेव्हा १५७९ साली गोव्यात आलेले स्टीफन्स तेथेच काम करीत होते. त्या भूमीतला संताप त्यांना ठाऊक नव्हता असे म्हणता येणार नाही. तरीही १६१६ साली धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने छापलेल्या ग्रंथाच्या दारातच त्यांनी हे गाऱ्हाणे ठेवले. आम्हांला त्यांचे मोठेपण उपमांच्या सौंदर्यापेक्षा या ठिकाणी अधिक जाणवते.

मात्र भक्तिभावाने समीक्षेचे डोळे मिटू नयेत. हा श्रोता विचारतो, पण हटून बसत नाही. गुरूने उत्तर दिले की त्याचे समाधान होते. आपली पुराणे का बंद झाली, हे तो विचारीत नाही. बंद झालीच आहेत, तर आता काय, एवढेच विचारतो. प्रश्न करण्याचा अधिकार स्टीफन्सनी त्याला दिला, मतभेदाचा दिला नाही. त्या काळच्या गोव्यात तो देणे लेखकाच्या हाती होते का, हे वेगळे. पण ग्रंथाची ही मर्यादा आहे आणि ती मर्यादा म्हणूनच वाचली पाहिजे. 'वैकुंठ'सारखे शब्द त्यांनी ख्रिस्ती अर्थाने वापरले, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परक्या वाटणाऱ्या कथेत श्रोत्याला निदान शब्द तरी घरचे मिळाले, इतके आम्ही म्हणू.

पुढे जे घडले ते मात्र त्या श्रोत्याच्याच बाजूचे आहे. १६४९ आणि १६५४ साली ग्रंथाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. ग्रंथ राहिला तो घरोघरी उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांत, आणि १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला तो त्यांच्याच आधाराने. म्हणजे ज्यांना एके काळी 'आमच्यासाठी काहीतरी लिहा' म्हणून विनवावे लागले, त्यांच्याच वारसांनी लेखकाचे पुस्तक जगविले. बायबलविषयी लिहिणारा कोणत्या मंडळीचा, हे असे ठरते. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. फादर नेल्सन फलकाव यांनी २००९ साली गद्य मराठीची जोड दिली. आता भाषा कठीण आहे, ही सबब चालणार नाही.

आमच्या धर्मग्रामांत बायबलवर चिंतने पुष्कळ लिहिली जातात. ती नीटनेटकी असतात, भाविक असतात, आणि त्यांत कोणीही मध्येच बोलत नाही. वाचणाऱ्याला काही खटकले असेल, अशी शंकाही लिहिणाऱ्याला शिवत नाही. आमचे स्वतःचे लेखनही याला अपवाद नाही, हे कबूल केले पाहिजे.

गेल्या उपवासकाळात चार-पाच कुटुंबांत बसून आम्ही 'ख्रिस्तपुराण' वाचावयास घेतले. त्या ब्राह्मणाचे गाऱ्हाणे वाचून झाले आणि आम्ही उत्पत्तीच्या कथेकडे वळणार, इतक्यात कोपऱ्यातल्या एका आजींनी विचारले, "अरे, पण त्याची ती जुनी पुस्तकं नेली कुठं?" आम्ही पान उलटता उलटता थांबलो. त्या रात्री सृष्टीची उत्पत्ती काही वाचून झाली नाही.