धावपट्टीवरील जतन : व्हिक्टर विमानाच्या निमित्ताने

जुनी लष्करी जेट विमाने जतन करताना केवळ सांगाडा राखावयाचा की त्याची क्रियाही, हा प्रश्न इंग्लंडमधील ब्रंटिंगथॉर्प येथील हँडली पेज व्हिक्टर 'एक्सएम ७१५' या विमानाने तीव्रपणे पुढे आणला. १९९१ च्या आखाती युद्धात हवेत इंधन पुरविण्याचे काम केलेले हे विमान निवृत्तीनंतर धावपट्टीवर वेगाने पळवून दाखविले जाई. ३ मे २००९ रोजी अशाच एका प्रात्यक्षिकात इंजिनांची शक्ती वेळीच कमी केली गेली नाही आणि विमान क्षणभर हवेत गेले. सुदैवाने ते सुखरूप उतरले. या घटनेला निव्वळ अपघात म्हणणे अपुरे वाटते. प्रेक्षक ज्याला देखावा समजत होते, ते वस्तुतः रोखून धरलेले उड्डाण होते. (संग्रहालयातील तोफेची अशी धास्ती कोणी घेत नाही!)

अर्थात प्रत्येक प्रात्यक्षिकात इंजिन झिजते. म्हणजे जतनाच्या नावाखाली वस्तू खर्चच होत असते. तरीही प्रस्तुत लेखिकेस हा खर्च समर्थनीय वाटतो. चार कॉनवे इंजिने सुरू करण्याचे, त्यांच्या आवाजातील बिघाड कानाने ओळखण्याचे ज्ञान पुस्तिकेत पूर्णपणे उतरत नाही. ते सरावातच टिकते. आपल्याकडे अनेक निवृत्त विमाने चौकातील चौथऱ्यावर चढविली गेली. तेथे त्यांना तंत्रज्ञ लागत नाही, रंगारी पुरतो.