भक्ताचे श्रवण आणि समीक्षकाचे श्रवण : ‘इंडस क्रीड’ या वाद्यवृंदाच्या चार गीतसंग्रहांचा विचार

एखाद्या कलावंतावर निस्सीम प्रेम करणाऱ्या रसिकाचे मत समीक्षेत ग्राह्य धरावे की नाही, हा प्रश्न जुना आहे. अभिनवगुप्ताने ‘सहृदय’ ही कल्पना मांडताना तन्मय होण्याची पात्रता ही रसास्वादाची पूर्वअट मानली. आधुनिक समीक्षेने मात्र तन्मयतेकडे संशयाने पाहिले व अलिप्ततेला अधिक मान दिला. ग्रंथांच्या बाबतीत या वादाची चर्चा पुष्कळ झाली आहे. रॉक संगीताच्या बाबतीत ती मराठीत जवळजवळ झालेलीच नाही. वस्तुतः या संगीताचा चाहता हा भक्ताचा शुद्ध नमुना होय. तो आपल्या आवडत्या वाद्यवृंदाचे सर्व संग्रह क्रमाने ऐकतो, पुनःपुन्हा ऐकतो, त्यांची परस्परांशी तुलना करतो आणि प्रत्येकाला मनातल्या मनात एक पायरी नेमून देतो. हे श्रवण कितपत विश्वसनीय आहे आणि ते कोठे फसते, हे मुंबईच्या ‘रॉक मशीन’, म्हणजेच पुढील ‘इंडस क्रीड’, या वाद्यवृंदाच्या आधारे पाहता येईल.

हा वाद्यवृंद १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झाला. ‘रॉक अँड रोल रिनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) हे त्याचे दोन संग्रह ‘रॉक मशीन’ या नावाने निघाले. १९९३ मध्ये नाव बदलण्यात आले व ‘इंडस क्रीड’ याच शीर्षकाचा तिसरा संग्रह १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७ मध्ये वाद्यवृंद विसर्जित झाला. २०१० मध्ये तो पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व’ हा आठ गीतांचा संग्रह त्याने दिला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कळफलकवादक झुबिन बालापोरिया ही नावे जुन्या व नव्या अशा दोन्ही पर्वांत आढळतात. सर्व गीते प्रामुख्याने इंग्रजीत आहेत, ही गोष्ट या विवेचनात महत्त्वाची ठरेल.

या संगीताचा श्रोता केवळ दक्षिण मुंबईतला होता, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. धोबीतलाव येथील रंगभवनाच्या खुल्या रंगमंचावर रॉकचे जलसे होत, त्या काळात उपनगरी गाडीने तेथे पोहोचणे कोणालाही शक्य होते. ध्वनिविषयक निर्बंधांमुळे तेथील असे कार्यक्रम पुढे बंद पडले. बदलापूर हे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर, अंबरनाथ सुमारे ६० आणि उल्हासनगर त्याहून थोडे अलीकडे. इतक्या अंतरावरील श्रोत्याच्या वाट्याला प्रत्यक्ष जलसा क्वचित येई. त्याची खरी सोबत ध्वनिफितीची. ध्वनिफीत पुनःपुन्हा ऐकता येते, आणि चाहत्याचे क्रमवार, तौलनिक श्रवण या पुनरावृत्तीतूनच घडते. दूर राहणारा श्रोता जलशाच्या झगमगाटाने दिपत नाही. त्याच्यासमोर केवळ ध्वनी आणि शब्द असतात.

या तीन गावांचे भाषिक घडणही येथे ध्यानात घ्यावे लागते. उल्हासनगर ही फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसविलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिला आजचे नाव मिळाले. अंबरनाथमध्ये शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, आणि तेथेच आयुधनिर्माणी व इतर कारखान्यांच्या निमित्ताने नाना भाषांचे कामगार येऊन राहिले. बदलापुरात मराठी वस्तीचे प्राबल्य. अशा प्रदेशात ‘इंडस क्रीड’ हे नाव निव्वळ परकीय राहत नाही. संस्कृत ‘सिंधु’, प्राचीन पर्शियन ‘हिंदु’, ग्रीक ‘इंडॉस’ आणि लॅटिन ‘इंडस’ अशी या शब्दाची वाटचाल सर्वज्ञात आहे. ज्या नदीच्या काठावरून उल्हासनगरचे मूळ रहिवासी आले, झुलेलालाच्या रूपाने ज्या जलदैवताची ते उपासना करतात, तीच नदी तीन भाषांचा प्रवास करून या नावात उतरली आहे. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात हे स्थान असण्याचे कारण नव्हते. परंतु अर्थ केवळ वक्त्याच्या हेतूत नसतो, तो श्रोत्याच्या स्मृतीतही असतो.

आता संग्रहांच्या शीर्षकांकडे वळू या. ‘रिनेगेड’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधून स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘स्वधर्म नाकारणारा’ असा आहे. ‘सेकंड कमिंग’ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची संज्ञा. ‘क्रीड’ म्हणजे श्रद्धेचा उच्चार; लॅटिनमधील ‘क्रेडो’, अर्थात ‘माझी श्रद्धा आहे’, हे त्याचे मूळ. आणि ‘इव्हॉल्व’ म्हणजे उलगडत जाणे, उत्क्रांत होणे. धर्मत्याग, पुनरागमन, श्रद्धा आणि विकास असा हा क्रम आहे. तो योजनापूर्वक आखला असे म्हणावयास आधार नाही. पण चारही संग्रह एकापाठोपाठ ऐकणाऱ्यास तो प्रतीत होतो, आणि एकच संग्रह परीक्षणासाठी हाती घेणाऱ्यास तो कधीच दिसत नाही. भक्ताच्या श्रवणाचे पहिले बलस्थान ते हेच.

याच बलस्थानाचा शास्त्रीय उपयोग भाषाविज्ञानाने केलेला आहे. पीटर ट्रडगिल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ब्रिटिश पॉप गायकांच्या उच्चारांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील गायक गाताना अमेरिकी उच्चार का स्वीकारतात, हा त्यांचा प्रश्न होता. बीटल्सचे संग्रह वर्षक्रमाने तपासता, स्वरापूर्वी न येणाऱ्या ‘र’चा अमेरिकी धाटणीचा उच्चार १९६३ नंतर उत्तरोत्तर कमी होत गेल्याचे त्यांना आढळले. वाद्यवृंदाचा आत्मविश्वास वाढला तसे अनुकरण ओसरले. येथे संशोधकाने केले ते चाहता नित्य करीत असलेलेच काम. फक्त त्याला मोजमापाची जोड दिली. ‘रॉक अँड रोल रिनेगेड’पासून ‘इव्हॉल्व’पर्यंतच्या चोवीस वर्षांतील उच्चारांची अशीच गणना करता येईल, आणि पदव्युत्तर अभ्यासकाने ती अवश्य हाती घ्यावी.

भक्ताचे श्रवण फसते ते प्रशंसेच्या भाषेत. ‘अगदी परदेशी वाद्यवृंदासारखे वाजवितात’ हे या वाद्यवृंदाविषयी चाहता देऊ शकतो ते सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र असते. हे प्रशस्तिपत्र पहिल्या संग्रहाला अधिक लागू पडते, आणि तेच त्याची मर्यादा सांगते. ‘सारखे’ हा शब्द मूळ दुसरीकडे असल्याची कबुली देतो. पहिल्या संग्रहाच्या शीर्षकातील बंडखोर हाही रॉकच्या परंपरेने तयार करून ठेवलेला मुखवटा होय. मुंबईतील तरुणाने तो कौशल्याने धारण केला, इतकेच. १९९५ च्या संग्रहातील ‘ट्रॅप्ड’ आणि ‘स्लीप’ ही शीर्षके पाहिली तरी फरक कळतो. तेथे पवित्रा नाही, अवस्था आहे. पहिल्या प्रेमाच्या निष्ठेने भक्त आरंभीच्या संग्रहाला वरची पायरी देतो. क्रमवार श्रवणाचा स्वतःचाच पुरावा मात्र तिसऱ्याच्या बाजूने पडतो.

तालाच्या अंगानेही हा प्रश्न पाहावयास हवा. माधव ज्यूलियन यांनी ‘छंदोरचने’त आठ मात्रांच्या आवर्तनाला ‘पद्मावर्तनी’ असे नाव दिले. भजनी ठेकाही आठ मात्रांचा. उपनगरी गाडीतील भजनी मंडळाचे टाळ ऐकत वाढलेल्या कानाला रॉकचे चार ठोक्यांचे, म्हणजे आठ अर्ध्या ठोक्यांचे, आवर्तन मुळीच अनोळखी नसते. भेद आहे तो आघाताच्या जागी. भजनात समेला मान आहे. रॉकमध्ये दुसरा व चौथा ठोका ठळक होतो. इंग्रजी ही आघातप्रधान भाषा असल्याने तिची बलयुक्त अक्षरे अशा ठोक्यांभोवती सहज जुळवून घेतात, आणि आघातहीन अक्षरे आकसतात. मराठीत प्रत्येक अक्षर आपला स्वर बहुतांशी पूर्ण राखते. म्हणून मराठी श्रोत्याला रॉकचा ताल आपला आणि शब्द मात्र पाहुणे वाटतात. इंग्रजीची निवड ही केवळ वर्गाभिमानातून आली, असे म्हणणे त्यामुळे अपुरे ठरते. छंदाचेही काही दडपण तिच्यामागे आहे. ते अलंघ्य नाही. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने ‘कंदिसा’ (२००० ) या संग्रहात भारतीय भाषांना व सिरियाक प्रार्थनेलाही रॉकच्या जवळ आणून दाखविले. स्वतः बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी ‘इंडस क्रीड’च्या विसर्जनानंतर न्यूयॉर्कमध्ये ‘आम्स फॉर शांती’ हा वाद्यवृंद उभारला, तेव्हा हिंदी शब्दांनाही तेथे प्रवेश मिळाला.

या पार्श्वभूमीवर ‘इव्हॉल्व’चे मोल ठरवावे लागते. पंधरा वर्षांच्या खंडानंतर हा वाद्यवृंद पुन्हा इंग्रजीकडेच आला. चाहत्याला ती निष्ठा वाटते, आक्षेपकाला हट्ट. दोन्ही मते अपुरी आहेत. ‘फायरफ्लाइज’सारख्या गीतात इंग्रजी ही आता दुसऱ्या कोणासारखे दिसण्याची खूण राहिलेली नाही, ती तीन दशके वापरून अंगवळणी पडलेली भाषा आहे. अनुकरणाची भाषा आणि सवयीची भाषा यांत शब्दसंग्रहाचा भेद नसतो, नात्याचा असतो.

भक्ताचे श्रवण समीक्षेने त्याज्य मानू नये. त्याची साधनसामग्री विपुल आहे, त्याचा क्रम निर्दोष आहे, आणि बदल टिपणारा त्याचा कान बहुधा खरा असतो. त्याची निर्णयाची परिभाषा मात्र उसनी आहे. ‘त्यांच्यासारखे’ या मापाने तो आपल्याच माणसांचे काम मोजतो. उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापूर येथे आज कोणत्याही भाषेत गिटार हाती घेणाऱ्या तरुणाच्या पदरी हेच उसने माप पडावयाचे असेल, तर त्याचे उत्तम कामही कायम दुय्यम ठरणार आहे. समीक्षेने भक्ताकडून त्याचा कान घ्यावा आणि त्याच्या हाती दुसरे माप द्यावे.