गाण्यातलं झाड कुठलं?

पावसाळा लागला की शाळाशाळांतून वृक्षदिंड्या निघतात आणि स्पीकरवर झाडाचं गाणं लागतं. राज्यानं 2017 ते 2019 मध्ये 50 कोटी झाडांचा संकल्प सोडला, त्या काळात तर या गाण्यांना ऊत आला. मराठवाड्यातल्या येलदरी-जिंतूरच्या बाजूला ती ऐकताना मी दर वेळी एकाच ठिकाणी अडतो: हे झाड कुठलं? लिंब, बाभूळ, चिंच की हिवर? गाण्यात ते नुसतं 'झाड' असतं. सावली देतं, प्राणवायू देतं, पाऊस आणतं. त्याला साल नाही, काटा नाही, महिना नाही.

आपल्याकडं झाडाचं गाणं असं नव्हतं. श्रावणातली पंचमी घ्या. मुराळी जाऊन लेकीला घेऊन आलेला असतो, गावाच्या कडेच्या लिंबाला झोका बांधलेला असतो. लिंबालाच का, हे बायांना सांगावं लागत नाही. जांभळाची फांदी ठिसूळ, कधी दगा देईल याचा नेम नाही. बाभळीला काटा. लिंबाची आडवी फांदी दोघींचा भार पेलते. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, एक गुडघे वाकवून जोर देते, मग दुसरी, आणि त्या जोरावर गाणं चढतं. झोका उंच गेला की दम लागतो, ओळ तुटते, ती खाली उभ्या असलेल्या बाया उचलतात. या गाण्यांचा जीव भाऊ, आई आणि सासरचा जाच यांत असतो. लिंबाची स्तुती त्यांना करावी लागत नाही. पण लिंब काढून घ्या, गाणं म्हणताच येणार नाही.

जात्यावरच्या ओवीचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या संशोधकांनी जमवलेल्या लाखावर ओव्या चाळा. झाड तिथं नातं घेऊन येतं, कुणाच्या तरी बांधावर, कुणाच्या तरी वाटेवर उभं असतं. गंगाखेडच्या संत जनाबाईचं नाव घेत दळणाऱ्या बायांना पर्यावरण शिकवायला कुणी गेलं नव्हतं. जिंतूरकडच्या बंजारा तांड्यांवर होळीच्या लेंगी गाण्यांत पळस येतो, तोही फाल्गुनाचा हिशेब ठेवून येतो.

लिहिणाऱ्यांत हा वारसा ना. धों. महानोरांनी चालवला. 'रानातल्या कविता' हा संग्रह 1967 चा, त्यांची गाणी असलेला 'जैत रे जैत' हा चित्रपट 1977 चा. चित्रपटातलं जांभळाचं गाणं आठवा. जांभूळ पिकलेलं आहे, म्हणजे महिना ठरला, पाऊस तोंडावर आला, ढोल का वाजतोय ते कळलं. हृदयनाथ मंगेशकरांची चालही त्या घाईतून उठते. पळसखेडच्या या शेतकरी कवीला झाडाला सद्गुण चिकटवावे लागले नाहीत, कारण ते त्याच्या शिवारात होतं.

भावगीतांतला चाफा-प्राजक्त हा अंगणापुरता सुगंध. त्यापुढं तो गेला नाही. आणि हल्लीच्या अल्बमांतली झाडं ड्रोनच्या दृश्यांसाठी असतात, त्यांच्यावर शब्द खर्चायचे नाहीत.

मोहिमेच्या गाण्यांची बाजू घेणारे म्हणतात, पोरांपर्यंत संदेश तर जातो ना? जातो, पण कुठला? झाड लावलं की आपण सुटलो, हा. या गाण्यांत खड्डा आहे, रोप आहे. कुऱ्हाड कुठंच नाही. मराठवाड्यातल्या रस्त्यांचं रुंदीकरण झालं, दुतर्फाचे वड, लिंब, चिंचा आडव्या झाल्या. पिढ्यांनी ज्यांच्याखाली गाड्या सोडल्या, त्या झाडांवर एक गाणं माझ्या कानावर आलेलं नाही. येलदरीला पूर्णा नदी अडवली तेव्हा काठची शिवारं पाण्याखाली गेली आणि शिवारांबरोबर झाडंही गेली. धरणावर भाषणं झाली. बुडालेल्या झाडांचं गाणं कुणी मागितलं नाही. तोडलेल्याचं नाव न घेता लावायच्या झाडाचं कौतुक गाणं, हे तोडणाऱ्याला निर्दोष सोडणं आहे. असं गाणं चांगल्या हेतूनं लिहिलं म्हणून चांगलं ठरत नाही. ते पोरांकडून गाऊन घेतलं जातं, म्हणून तर जास्त घातक आहे.

गीतकारांनी एवढं करावं: ज्या झाडाखाली आपण बसलेलो नाही, त्यावर लिहू नये. आणि शिक्षकांनो, येत्या पंचमीला स्पीकर बंद ठेवा. गावातल्या म्हाताऱ्या बायांना शाळेत बोलवा, पोरांना त्यांची झोक्याची गाणी वहीत उतरवून घेऊ द्या. वृक्षारोपणाच्या खड्ड्यात गुलमोहर लावू नका. लिंब लावा, आणि फांदी दोघींचा भार पेलण्याजोगी होईपर्यंत तो राखा.