मेणबत्ती, कागद आणि हवाई बेटे

ज्वालामुखी भूपट्टांच्या सीमांवर आढळतात, असे नकाशावरून शिकवले की पॅसिफिक महासागराच्या मधोमध असलेली हवाई बेटे अडचणीत टाकतात. सर्वांत जवळची भूपट्ट-सीमा तिथून ३००० किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरी तिथला मौना लोआ २०२२ साली उफाळलाच. मग मेणबत्तीचे उदाहरण दिले जाते. पेटती मेणबत्ती स्थिर धरायची, तिच्यावरून कागद सरकवायचा. कागदावर काळ्या डागांची रांग उमटते. मेणबत्ती म्हणजे खोलवरचा तप्तबिंदू, कागद म्हणजे भूपट्ट, डाग म्हणजे बेटे. हे उदाहरण कुठवर पुरते?

आधी त्याची जमेची बाजू पाहू. १९६३ साली तुझो विल्सन यांनी हा विचार मांडला आणि १९७१ साली जेसन मॉर्गन यांनी त्याला प्रावरणातून वर येणाऱ्या तप्त स्तंभाची जोड दिली. हवाई बेट दहा लाख वर्षांहूनही लहान, वायव्येकडचे काउआई सुमारे ५० लाख वर्षांचे आणि त्याच साखळीच्या पार उत्तर टोकाचे समुद्रबुडी पर्वत आठ कोटी वर्षांच्या आसपासचे. वयांचा हा क्रम मेणबत्ती सहज समजावते.

पण ज्योत कागद जाळते, म्हणून खालच्या आचेने भूपट्ट वितळतो किंवा खाली शिलारसाचे तळे आहे, अशी मुलांची समजूत होते. वास्तविक प्रावरण घन खडकाचे आहे. ते लाखो वर्षांच्या हिशेबाने संथ वाहते. तप्त खडक वर सरकतो तसा त्याच्यावरचा दाब घटतो, वितळणबिंदू खाली येतो आणि त्याचा थोडासा भाग वितळतो. इथे जादा उष्णता द्यावी लागत नाही. शेगडी बंद केल्यावर प्रेशर कुकरची वाफ एकदम सोडली तर आतले पाणी उसळते, ते दाब घटल्यामुळेच. या मुद्द्यापुरता कुकर मेणबत्तीपेक्षा चांगला शिक्षक आहे!

दुसरी उणीव स्थिरतेची. हवाई-एम्परर साखळीला सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वीचे एक ठळक वळण आहे. भूपट्टाने दिशा बदलली, एवढेच त्याचे कारण सांगितले जाई. लाव्हा थिजताना पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद त्यात राहते व तिच्यावरून त्या वेळचे अक्षांश काढता येतात. तप्तबिंदू स्थिर असता तर सर्व पर्वतांत हवाईचे, म्हणजे १९ अंश उत्तरेच्या जवळपासचे, अक्षांश मिळायला हवे होते. २००१ साली समुद्रतळातून काढलेल्या नमुन्यांत मात्र डेट्रॉइट या जुन्या पर्वताचे अक्षांश ३० अंशांच्याही वर निघाले. म्हणजे मेणबत्ती धरणारा हातही हलत होता.

तिसरी उणीव अशी की एकच मेणबत्ती सगळीकडे लावली जाते. जपानजवळ पॅसिफिक भूपट्टाच्या जुन्या, थंड भागावर छोटे ज्वालामुखी सापडले; २००६ साली त्यांना ‘पेटिट-स्पॉट’ हे नाव मिळाले. खंदकात शिरण्यापूर्वी भूपट्ट वाकतो, तडकतो आणि त्याच्या खाली मुळातच असलेला थोडा शिलारस फटींतून वर येतो. इथे तप्त स्तंभाची गरजच नाही.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही या चर्चेत येतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याचा संबंध अनेक भूवैज्ञानिक आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तबिंदूशी जोडतात. पण एकसारख्या जळणाऱ्या ज्योतीने सुरुवातीलाच लाखो चौरस किलोमीटर व्यापणारा डाग का पडावा? स्तंभाचे शीर्ष प्रचंड आणि मागचे शेपूट बारीक, हे त्याचे एक उत्तर. मेणबत्तीत ते सापडत नाही.

म्हणून मेणबत्ती वर्गातून हद्दपार करायची का? मुळीच नाही. प्रयोग जरूर दाखवावा, कागद पेटणार नाही एवढी काळजी घ्यावी आणि लगेच मुलांना विचारावे, “यात खऱ्या पृथ्वीसारखे काय आहे आणि काय नाही?” दोन स्तंभांची यादी फळ्यावर मुलांकडूनच भरून घ्यावी. दुसरा स्तंभ भरताना होणारी चर्चा हाच त्या तासाचा मुख्य पाठ समजावा.