तोलेदोतील दोन दिवस : काय पाहावे, काय सोडावे

लूर्द आणि फातिमा यांच्या यात्रेस निघालेल्या आपल्या मंडळींच्या कार्यक्रमपत्रिकेत स्पेनमधील तोलेदो नगरीच्या वाट्यास आली तर बहुधा एक सकाळ येते. बस टेकडीच्या पायथ्याशी थांबते, कॅथेड्रल पाहून होते, बदामाची मिठाई आणि सोनेरी नक्षीची एखादी लहानशी तलवार खरेदी केली जाते, आणि दुपारी मंडळी पुढच्या गावाला लागतात. स्वतंत्रपणे जाणाऱ्या कुटुंबांना प्रवासपुस्तके दोन दिवसांचा आराखडा देतात खरा. पण तोही त्याच सकाळीला ताणून लांब केलेला असतो. स्थळे वाढतात, दृष्टी वाढत नाही.

प्रवासाचा आराखडा ही एक प्रकारची समीक्षाच असते, असे आम्हांस वाटते. काय पाहावे आणि काय सोडावे हे ठरविताना आपण थोर काय आणि किरकोळ काय याचा निवाडाच करीत असतो. म्हणून एखाद्या ग्रंथाचे करावे तसे या आराखड्यांचे परीक्षण करणे अस्थानी ठरू नये.

माद्रिदहून सुमारे ७० किलोमीटरवर, जलद गाडीने जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर हे गाव आहे. ताहो नदीने त्यास तीन बाजूंनी वेढलेले आहे. १०८५ साली राजा सहावा आल्फोन्सो याने ते मुस्लिम सत्तेकडून घेतले. १९८६ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला. ‘तीन संस्कृतींचे नगर’ हे त्याचे बिरूद प्रत्येक पुस्तकात आढळते. बिरूद खोटे नाही. अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणण्याचे थोर कार्य बाराव्या शतकात येथेच झाले. परंतु या गोड शब्दांआड पुष्कळ काही झाकले जाते, आणि आमचा पहिला आक्षेप तोच आहे. दुसरा आक्षेप असा की, हे आराखडे रस्त्यांच्या अंतरावर आणि दारे उघडण्याच्या वेळांवर बेतलेले असतात. अर्थाचा धागा त्यांत नसतो.

तो धागा आम्हांस एका सालात सापडला. ते साल १५७७. त्या वर्षी क्रीट बेटावर जन्मलेला एक चित्रकार तोलेदोत आला. दोमेनिकोस थेओतोकोपुलोस हे त्याचे नाव. लोक त्यास नुसते ‘एल ग्रेको’, म्हणजे ग्रीक, म्हणत. त्याच वर्षी २ जून रोजी आविलाच्या संत तेरेजाने येथील आपल्या मठात ‘आंतरिक किल्ला’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा सहकारी, क्रूसाचा संत योहान, यास त्याच्याच कार्मेली बंधूंनी पकडून येथील मठात कोंडले. ही तीन माणसे एकत्र भेटली असे आम्ही सुचवीत नाही. एकाच गावात, काही महिन्यांच्या अंतराने, तिघांनी एकाच प्रश्नाशी झुंज दिली, इतकेच आमचे म्हणणे आहे. सारे काढून घेतले गेल्यावर माणसापाशी काय उरते, हा तो प्रश्न.

कॅथेड्रलच्या साक्रिस्तीतील एल ग्रेकोचे ‘प्रभूचे वस्त्रहरण’ हे चित्र या दृष्टीने पाहावे. १५७७ ते १५७९ या काळात ते रंगविले गेले. गर्दीने प्रभू येशूस चहूबाजूंनी दाटून धरले आहे. अंगावरील लाल झगा एवढीच मोकळी जागा चित्रात उरली आहे. खालच्या बाजूस एक इसम क्रुसाच्या लाकडास भोक पाडण्यात गढला आहे, आणि तिन्ही मरियांची नजर प्रभूकडे नसून त्या हत्याराकडे आहे. आईची नजर नेमकी कोठे जाईल हे चित्रकाराने अचूक जाणले. कॅथेड्रलच्या अधिकाऱ्यांनी मात्र हरकत घेतली : गर्दीची डोकी प्रभूच्या मस्तकाहून उंच का, आणि शुभवर्तमानात या प्रसंगी नसलेल्या मरिया येथे कशा? मोबदल्यावरूनही वाद झाला. चित्र बदलले गेले नाही, हे आपले भाग्य. अपमानित माणूस गर्दीत बुडालेलाच असतो; त्यास वर उचलून दाखविले असते तर चित्र शिष्टाचाराचे झाले असते, सत्याचे नव्हे. शिवाय साक्रिस्ती ही धर्मगुरूंनी मिस्सेची वस्त्रे परिधान करण्याची जागा. जो वस्त्रे घालतो आहे, त्याच्या समोर ज्याची वस्त्रे काढली जात आहेत तो उभा आहे. हे चित्र संग्रहालयात नव्हे, तेथेच पाहावयास हवे.

सांतो तोमे या धर्मग्राममंदिरातील ‘ओर्गासच्या सरदाराचे दफन’ (१५८६–८८) याहून प्रसिद्ध आहे, आणि त्याची जन्मकथा आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांस चांगलीच समजेल. १३२३ साली निवर्तलेल्या या दानशूर सरदाराने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की, ओर्गास गावाने या मंदिरास दरसाल दोन मेंढे, सोळा कोंबड्या, द्राक्षारसाच्या दोन पखाली, दोन ओझी सरपण आणि ८०० नाणी द्यावीत. पुढे गावाने हात आखडता घेतला. प्रमुख धर्मगुरू आंद्रेस नुन्येस यांनी दावा लावला, १५६९ साली तो जिंकला, आणि त्यानंतर हे चित्र करवून घेतले. दफनाच्या वेळी संत स्तेफन आणि संत ऑगस्टीन यांनी स्वतः येऊन त्या सरदाराचे शव थडग्यात ठेवले, ही आख्यायिका त्याचा विषय. पावणेपाच मीटरहून उंच असलेल्या या चित्रात शव जणू खालच्या खऱ्या थडग्यातच उतरते आहे. वर, ढगांच्या अरुंद वाटेने, देवदूत तान्ह्या बालकासारखा आत्मा घेऊन जात आहे. चित्रकाराचा लहान मुलगा आपणाकडे पाहत त्या दफनाकडे बोट दाखवितो.

कारागिरीत हे चित्र श्रेष्ठ आहे, यात शंका नाही. तरीही आमचे मत विचाराल तर ते ‘वस्त्रहरणा’च्या एक पायरी खाली आहे. येथे संतांच्या अंगावर जरीची वस्त्रे आहेत आणि भोवती पांढऱ्या झालरीच्या कॉलरींतील तोलेदोचे प्रतिष्ठित नागरिक रांगेने उभे आहेत. शोक आहे, पण तो नीटनेटका आहे. दात्याच्या गौरवात दानाचा लाभ कोणाच्या पदरी पडला ते लोक चित्रात कोठेच दिसत नाहीत.

तेथून काही मिनिटांच्या वाटेवर सांता मारिया ला ब्लांका आहे. नाव पवित्र मरियेचे, पण वास्तू यहुद्यांच्या सभास्थानाची. पांढरे खांब, घोड्याच्या नालासारख्या कमानी. सारे इतके शांत की प्रवासी छायाचित्र घेऊन समाधानाने बाहेर पडतो. त्याने थोडे थांबावे. १३९१ साली या नगरीत यहुदी वस्तीवर हल्ले झाले, पंधराव्या शतकाच्या आरंभी या सभास्थानाचे चर्च झाले, आणि १४९२ साली यहुद्यांस देशच सोडावा लागला. जे बाप्तिस्मा घेऊन राहिले त्यांच्यावर इन्क्विझिशनचा डोळा होता. १४८५ साली शिक्षा म्हणून अपमानाचे वस्त्र लेऊन याच रस्त्यांवरून फिरविल्या गेलेल्यांत हुआन सांचेस नावाचा एक व्यापारी होता. तो संत तेरेजाचा आजोबा. हे विसाव्या शतकात कागदपत्रांवरून उजेडात आले. आजोबा ज्या गावात लज्जित झाला, त्याच गावात नातीने आत्म्याच्या आत वसलेल्या, कोणी हिरावू न शकणाऱ्या वाड्याविषयी लिहिले. ‘तीन संस्कृती’ या शब्दांत हे दुःख बसत नाही. आपण कॅथलिकांनी तर ते डोळ्यांआड करूच नये.

तेव्हा आमचा आराखडा असा. पहिल्या दिवशी प्रथम सांता मारिया ला ब्लांका, मग चौदाव्या शतकातील एल त्रान्सितो हे दुसरे सभास्थान, आणि शेवटी सांतो तोमे. तिन्ही जवळजवळ आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रलमध्ये मोझाराबिक विधीची मिस्सा. मुस्लिम राजवटीत ख्रिस्ती लोकांनी जपलेली ही उपासना तेथे आजही चालू आहे. त्यानंतर साक्रिस्तीत किमान अर्धा तास एका चित्रासमोर. तिसऱ्या प्रहरी अल्कांतारा पुलाकडील उतारावर जावे. संत योहानाचा तुरुंग असलेला मठ तेथे होता. आज तो नाही. अंधाऱ्या, चिंचोळ्या कोठडीत सुमारे नऊ महिने काढून ऑगस्ट १५७८ मध्ये तो निसटला, आणि बाहेर येताना त्या अंधारात रचलेली कविता घेऊन आला.

आल्काथार किल्ला सोडला, तलवारींची दुकाने सोडली, म्हणून कोणी रुष्ट होईल. मुलांना किल्ला आवडतो, हेही खरे. ज्यांना तिसरा दिवस मिळेल त्यांनी तो अवश्य पाहावा. मिठाईसही आमची हरकत नाही. तेथील काही मठांतल्या भगिनी ती स्वतः करतात. परंतु दोनच दिवस असतील तर दहा स्थळांपुढून जाण्यापेक्षा चार स्थळांपुढे थांबणे बरे. पाहण्यासारखे काहीच न उरलेल्या त्या उतारावर घटकाभर बसल्यावाचून तोलेदो पाहिले असे आम्ही म्हणणार नाही.